दर वीस वर्षांनी नवं होणारं जुनं देऊळ

जपानमधलं इसेचं देऊळ किती जुनं, असं विचारलं तर दोन उत्तरं मिळतात आणि दोन्ही खरी आहेत. आज उभं असलेलं देऊळ 2013 साली वापरात आलं. आणि हेच देऊळ दर वीस वर्षांनी शेजारच्या जागेवर पुन्हा नव्यानं बांधायची पद्धत इसवी सन 690 मध्ये, जितो या राणीच्या कारकिर्दीत सुरू झाली. 2013 ची खेप बासष्टावी होती. त्रेसष्टावी 2033 मध्ये यायची आहे आणि तिचे विधी मे 2025 मध्येच सुरू झाले.

देऊळ जुनं म्हणजे त्याचा दगड जुना, पायऱ्या पावलांनी झिजलेल्या, खांब तेलातुपानं काळवंडलेले, असा आपला साधा हिशेब. इसेत तो लागू पडत नाही. का पडत नाही, हे समजायला आधी हे देऊळ ज्या जपानी धर्माचं आहे तो शिंतो म्हणजे काय, ते थोडं बघावं लागतं.

शिंतो या शब्दाचा अर्थ देवांचा मार्ग. याला संस्थापक नाही, सगळ्यांनी मानावा असा एक ग्रंथ नाही, ‘हे मानलंस तरच तू आमचा’ अशी अटही नाही. मध्यभागी आहे तो ‘कामी’. भाषांतर करताना आपण ‘देव’ म्हणून मोकळे होतो, पण कामी जरा सैल शब्द आहे. अठराव्या शतकातला पंडित मोतोओरी नोरिनागा यानं त्याची फोड अशी केली : जे नेहमीपेक्षा वेगळं आहे आणि जे पाहून मनात धाक किंवा आदर उभा राहतो, ते कामी. मग ते चांगलं असो की वाईट. डोंगर कामी असतो, धबधबा असतो, जुनाट झाड असतं, मेलेला माणूसही असतो. सुगावारा नो मिचिझाने हा दरबारी विद्वान खोट्या आळामुळे हद्दपार झाला आणि 903 साली तिकडेच वारला. नंतर राजधानीत राजवाड्यावर वीज पडली, विरोधक एकेक करून मेले. हा त्याचाच कोप, असं ठरलं आणि त्याला शांत करायला देऊळ बांधलं गेलं. आज तो विद्येचा देव आहे आणि परीक्षेच्या हंगामात त्याच्या देवळांत मुलांची रीघ लागते. ज्याची भीती वाटली त्यालाच देवळात बसवून आपलंसं करायचं, ही रीत आपल्याला नवी वाटू नये.

अशा कामीला सुरुवातीला घर नव्हतं. एखादा मोठा खडक, एखादं झाड, त्याभोवती भाताच्या पेंढ्याचा वळलेला दोर, की झाली पवित्र जागा. नारा प्रांतातल्या ओमिवा देवळात हे अजून दिसतं. तिथे गाभाराच नाही. मागचा मिवा डोंगर हाच देव, म्हणून लोक डोंगराकडे तोंड करून हात जोडतात. कायमच्या इमारती पुढे आल्या आणि त्यामागे सहाव्या शतकात कोरियातून आलेल्या बौद्ध धर्माचा हात असावा, असं बरेच अभ्यासक मानतात. शेजारी कौलारू, रंगीत विहार उभे राहायला लागले, तेव्हा आपल्या देवांनाही घर हवं असं वाटलं असणार.

इसेत मुख्य देवळं दोन आहेत. आतलं ते नाइकू, तिथे सूर्यदेवी आमातेरासु. बाहेरचं ते गेकू, तिथे अन्नाची देवी तोयोउके. दोघांत पाचेक किलोमीटरचं अंतर. यांच्याभोवतीची लहानमोठी धरून एकूण 125 देवळं मिळून जे संस्थान होतं त्याचं अधिकृत नाव नुसतं ‘जिंगू’. पुढे मागे गावाचं नाव लावायची त्यांना गरज वाटत नाही.

आमातेरासु इथे कशी आली याची कथा अशी. आधी देवी सम्राटाच्या वाड्यातच होती. एकाच छपराखाली देवी आणि राजा, हे झेपेना. मग यामातोहिमे ही राजकन्या देवीचा आरसा घेऊन जागा शोधत निघाली आणि फिरत फिरत इसुझु नदीच्या काठी थांबली. परंपरा याला दोन हजार वर्षं झाली म्हणते. इतिहासकार एवढं मागे जात नाहीत. लेखी पुरावा आणि दंतकथा यांच्यातली सीमा सातव्या शतकाच्या आसपास येते आणि ती ओलांडताना सांभाळून बोलावं. गेकूची कथा मला जास्त आवडते. आमातेरासु एका सम्राटाच्या स्वप्नात आली आणि म्हणाली, मला एकटीला जेवण गोड लागत नाही, तोयोउकेला बोलावून घ्या. सोबतीला म्हणून आलेली ही देवी गेली दीड हजार वर्षं तिथे आहे, असं मानतात.

त्या जेवणाची व्यवस्था अजून चालू आहे. गेकूमध्ये रोज दोनदा नैवेद्य होतो, उन्हाळ्यात सकाळी आठला आणि दुपारी चारला, हिवाळ्यात नऊला आणि तीनला. पुजारी आदल्या रात्रीपासून देवळातच मुक्काम करतो, स्नान करून सोवळ्यात येतो. काडेपेटी चालत नाही. लाकडावर लाकूड घुसळून, म्हणजे आपल्या यज्ञातल्या अरणीसारखाच, अग्नी काढतात. पाणी ठरलेल्या विहिरीचं. ताटात वाफवलेला भात, मासे, सुकवलेला बोनितो मासा, समुद्रातलं शेवाळ, भाजी, फळ, मीठ, पाणी आणि तांदळाची दारू. तांदूळ देवस्थानच्या शेतातला. मीठ फुतामीच्या किनाऱ्यावरचं : ऐन उन्हाळ्यात खारं पाणी जमवून आटवायचं आणि नंतर तिकोनी मातीच्या साच्यात भरून भाजून घट्ट वडी करायची. वाढायची भांडी म्हणजे बिनझिलईची मातीची पणतीवजा ताटं, एकदा वापरली की फोडून मातीत परत. देवस्थानाचं शेत, मिठागर, भांडी घडवणारी जागा, सगळं स्वतःचं. बांधकामाचा गाजावाजा वीस वर्षांतून एकदा होतो, ही चूल मात्र रोज दोनदा पेटते.

आता बांधकामाकडे. नाइकूचं मुख्य देऊळ साधारण अकरा मीटर रुंद आणि साडेपाच मीटर खोल, म्हणजे प्रचंड वगैरे मुळीच नाही. हा आकार देवळाचा नव्हताच, तो भाताच्या कोठाराचा. ओल आणि उंदीर लागू नयेत म्हणून जमिनीपासून उचललेली फळ्यांची खोली, वर गवतानं शाकारलेलं छप्पर. छपराच्या दोन्ही टोकांना आभाळात गेलेली लाकडी शिंगं आणि आढ्यावर ओळीनं आडवे ठेवलेले ओंडके. नाइकूवर दहा, गेकूवर नऊ. शिंगांचं टोक नाइकूत आडवं कापलेलं, गेकूत उभं. रंग नाही, कौल नाही, आणि खांबाखाली जोतंही नाही. हिनोकी या सुगंधी सूचिपर्णी झाडाचे सोललेले खांब थेट जमिनीत पुरतात.

कोकणात ज्यानं मेढी पुरून मांडव घातलाय त्याला पुढचं सांगायला नको. जपानसारख्या दमट, पावसाळी देशात मातीत पुरलेलं लाकूड खालून कुजणार आणि गवताचं छप्पर वरून. दगडी जोतं घालायची, कौलं चढवायची विद्या सातव्या शतकात जपानी सुतारांना नीट येत होती. त्याच काळातला होर्युजीचा लाकडी विहार तेव्हापासून आजवर उभा आहे. म्हणजे इसेच्या लोकांनी टिकाऊ पद्धत माहीत असून बाजूला ठेवली. जुनं रूप ठेवायचं असेल तर ते सडणार, आणि सडणार असेल तर पुन्हा बांधावं लागणार, हा सौदा त्यांनी पत्करला.

पण वीसच का? कारण कुठेही लिहून ठेवलेलं नाही, म्हणून तर्कच जास्त. छपराचं आयुष्य तेवढं, हा एक. सुतार विशीत शिकाऊ, चाळिशीत मुख्य आणि साठीत सल्लागार, म्हणजे एका माणसाला हे काम दोन-तीनदा भेटतं आणि विद्या पुढे जाते, हा दुसरा. हा ऐकायला फार छान वाटतो, पण नियम ठरवताना कुणी असा विचार केला असेल याची मला शंका आहे. तिसरा तर्क कोरडा आहे : त्या काळच्या कायद्यात शिजवून सुकवलेला भात सरकारी कोठारात ठेवायची कमाल मुदत वीस वर्षं होती. कोठाराच्या आकाराच्या देवळाला कोठाराचाच नियम, यात काही गंमत आहे खरी.

या सगळ्याला ‘शिकिनेन सेन्गू’ म्हणतात, म्हणजे ठरल्या वर्षी देवाचं स्थलांतर. तयारी आठ वर्षं चालते आणि तीसहून अधिक विधी होतात. पहिला विधी डोंगराच्या पायथ्याशी, लाकूड तोडायची परवानगी मागायचा. मग किसोच्या जंगलात, नागानो प्रांतात, तीनेकशे वर्षं वयाची दोन हिनोकी झाडं निवडतात. करवत लावत नाहीत. कुऱ्हाडीवाले तीन बाजूंनी बुंध्यात खाच पाडत जातात आणि आतून बुंधा पोकळ करत आणतात. शेवटी झाड फक्त तीन पायांवर उभं राहतं, तिपाईसारखं. मग त्यातला एक पाय तोडला की झाड नेमकं ठरवलेल्या दिशेला कलतं. दोन्ही झाडं एकमेकांवर आडवी पडतील असा हिशेब असतो. पडल्यावर त्या झाडाच्या शेंड्याची एक कोवळी फांदी खुडून उरलेल्या खोडात उभी खोचतात. जंगलाचं जंगलाला.

एकूण दहा हजारांहून जास्त हिनोकी लागतात. ओंडके इसेत आले की ते ओढायचा मान गावकऱ्यांचा. पांढऱ्या दोरखंडांना शेकडो माणसं लागतात, काही गाडे रस्त्यानं आणि काही ओंडके नदीतून. पुढे देऊळ उभं राहिल्यावर हेच लोक नदीतले पांढरे गोटे कापडात गुंडाळून आत नेऊन अंथरतात. एरवी ज्या कुंपणाआड पाऊल टाकता येत नाही, तिथे त्यांना त्या दिवशी जाता येतं. देवीच्या वस्तूसुद्धा नव्या होतात : वस्त्रं, तलवारी, आरसे, विणकामाची अवजारं, मिळून 714 प्रकारच्या 1576 वस्तू. तलवार घडवणारे, रेशीम विणणारे, लाखकाम करणारे अशा कारागिरांना यातून काम मिळतं. आताच्या बाजारात अशी तलवार दुसरं कोण मागणार?

स्थलांतर रात्री होतं, सगळे दिवे मालवून. एक पुजारी तीनदा कोंबड्याची बांग देतो. भावाच्या दांडगाईला कंटाळून आमातेरासु गुहेत जाऊन बसली आणि जगात अंधार झाला, तेव्हा तिला बाहेर काढायला देवांनी कोंबडे आरवायला लावले होते, त्याची ही आठवण. मग पांढऱ्या रेशमी पडद्यांच्या आडोशानं देवीला जुन्या घरातून शेजारच्या नव्या घरात नेतात. तिचं प्रतीक म्हणजे आरसा. तो कुणी पाहत नाही.

हे ‘कुणी पाहत नाही’ तुमच्याआमच्या दर्शनालाही लागू आहे. शंभर मीटरहून थोडा लांब असा लाकडी उजी पूल ओलांडायचा, इसुझु नदीत हात धुवायचे, उंच झाडांखालून चालत जायचं, दगडी पायऱ्या चढायच्या आणि समोर येतो एक पांढरा पडदा. त्यापलीकडे कुंपणं, एकामागे एक. वारा आला की पडदा थोडा उचलतो आणि छपराची कड दिसते, तेवढंच. दोनदा वाकायचं, दोनदा टाळी वाजवायची, पुन्हा एकदा वाकायचं. इथे स्वतःसाठी काही मागायचं नाही, आणि पूर्वी देवीला काही अर्पण करायचा हक्क फक्त सम्राटाचा होता. म्हणून मुख्य देवळासमोर दानपेटी नाही. लोक ऐकतात थोडेच! नाणी पडतातच, म्हणून तिथे पांढरं कापड अंथरून ठेवतात.

शेजारी एक मोकळी जागा असते, गोट्यांनी झाकलेली, मधोमध छोटी लाकडी खोपटी. देऊळ पूर्वी तिथे होतं, पुढच्या वेळी पुन्हा तिथे येणार. खोपटीखाली एक पवित्र खांब जपलेला असतो, त्याबद्दल देवस्थान फार बोलत नाही.

जुन्या देवळाचं लाकूड फेकत नाहीत. आढं पेलणारे दोन्ही देवळांचे मोठे खांब रंधून त्यांच्या तोरी, म्हणजे देवळापुढच्या कमानी, करतात. त्या उजी पुलाच्या दोन टोकांना उभ्या राहतात. वीस वर्षांनी तिथून निघून इसेकडे येणाऱ्या जुन्या रस्त्यावर जातात : एक सेकीच्या फाट्यावर, दुसरी कुवानाच्या धक्क्यावर. बाकीचं लाकूड देशभरच्या देवळांना वाटतात.

आता ‘तेराशे वर्षं अखंड’ या वाक्याबद्दल. पर्यटनाच्या माहितीत ते हमखास असतं, आणि ते बरोबर नाही. पंधराव्या-सोळाव्या शतकांतल्या यादवीत दरबार कंगाल झाला आणि नाइकूचं बांधकाम 1462 नंतर थेट 1585 मध्ये, गेकूचं 1434 नंतर 1563 मध्ये झालं. सव्वाशे वर्षं! मधल्या काळात डागडुजी आणि तात्पुरत्या शेडवर भागलं. गाडी पुन्हा रुळावर आणली ती कुणी? केइकोइन नावाच्या मठातल्या बौद्ध भिक्षुणींनी. सेइजुन या भिक्षुणीनं गावोगाव वर्गणी मागून गेकू उभं केलं. नंतर नाइकूसाठी देवस्थानाकडून ओदा नोबुनागा या सरदाराकडे एक हजार कान (त्या काळचं चलन) मागितले गेले, त्यानं तीन हजार देऊ केले, त्याच वर्षी तो मारला गेला, आणि उरलेलं त्याच्यामागून सत्तेवर आलेल्या हिदेयोशीनं पूर्ण केलं. पाच-सहा पिढ्यांच्या खंडानंतर बांधलेलं देऊळ आधीच्यासारखं तंतोतंत असेल, हे मानणं भाबडेपणाचं आहे. कागदपत्रं, मापं आणि आठवणी जोडून ते पुन्हा रचलं गेलं.

भिक्षुणींनी हे करावं यात एक टोकाचा विरोधाभास आहे. कारण इसेत बौद्ध शब्दच निषिद्ध होते. सम्राटाच्या घराण्यातली एक कुमारिका देवीच्या सेवेसाठी इसेजवळ राहायला असायची. तिच्या वाड्यात काय बोलायचं नाही याची यादी 927 साली पूर्ण झालेल्या ‘एंगिशिकी’ या नियमग्रंथात आहे. बुद्धाला ‘मधला’ म्हणायचं, सूत्रग्रंथाला ‘रंगवलेला कागद’, विहाराला ‘कौलारू’, आणि तुळतुळीत डोक्याच्या भिक्षूला चक्क ‘लांबकेस्या’. मरणाला ‘बरं होणं’, रक्ताला ‘घाम’, मांसाला ‘अळंबी’. हसू येतं, पण आपणही निघताना ‘जातो’ म्हणत नाही, ‘येतो’ म्हणतो. बांगडी फुटत नाही, ‘वाढते’.

इसे सोडलं तर इतरत्र कामी आणि बुद्ध हजारेक वर्षं एकाच आवारात नांदले, आणि बुद्धाच्या बरोबर आपलेही देव तिथे पोचले. तळ्याकाठच्या, बेटावरच्या देवळांतली वीणाधारी बेन्झाइतेन म्हणजे सरस्वती. शिकोकूच्या डोंगरावरचा, खलाशांचा लाडका कोन्पिरा हे नाव ‘कुंभीर’वरून आलं, म्हणजे मगर. क्योतोतल्या प्रसिद्ध गिओन भागाचं नाव श्रावस्तीच्या जेतवन विहाराच्या चिनी नावावरून. 1868 मध्ये मेइजी सरकारनं हुकूम काढून कामी आणि बुद्ध वेगळे केले. शेकडो ठिकाणी मूर्ती फोडल्या, घंटा वितळवल्या, देवांची नावं बदलली. गिओनचा बैलाच्या तोंडाचा गोझु तेन्नो कागदोपत्री सुसानोओ, म्हणजे आमातेरासुचा तो दांडगा भाऊ, झाला. आज जे ‘शुद्ध, प्राचीन’ शिंतो म्हणून दाखवतात, त्याची बरीच घडी या दीडशे वर्षांतली आहे. त्याच सरकारनं शिंतोला राष्ट्रकार्याला जुंपलं आणि ते युद्धापर्यंत गेलं. डिसेंबर 1945 मध्ये, जपान अमेरिकी ताब्यात असताना निघालेल्या आदेशानं सरकार आणि देवळं यांची फारकत झाली.

सामान्य माणसांनी मात्र इसेला राजापेक्षा वेगळ्याच कारणानं आपलं मानलं होतं. एदो काळात, म्हणजे सतराव्या ते एकोणिसाव्या शतकात, गावोगाव इसेसाठी भिशी चालायची. सगळ्यांनी थोडे थोडे पैसे टाकायचे, चिठ्ठी काढायची, ज्याचं नाव येईल त्यानं गावाच्या वतीनं जाऊन यायचं. काही वेळा तर लोंढे उसळायचे. 1705 मध्ये पन्नास दिवसांत छत्तीस लाखांवर लोक आले, अशी नोंद नोरिनागानं केली आहे, आणि तेव्हा देशाची लोकसंख्या तीन कोटींच्या घरात होती. नोकर मालकाला, मुलं आईबापांना न सांगता निघायची आणि परत आल्यावर त्यांना कुणी रागवायचं नाही. ज्यांना जमत नसे ते कुत्र्याला पाठवत. गळ्यात पवित्र दोर आणि पैशांची पुरचुंडी बांधलेला कुत्रा वाटसरूंच्या सोबतीनं जायचा, वाटेत लोक त्याला खाऊ घालायचे, आणि तो देवीचा ताईत घेऊन घरी यायचा. हिरोशिगे या चित्रकाराच्या एका चित्रात असा कुत्रा यात्रेकरूंमध्ये दिसतो. आता त्या कुत्र्याच्या मूर्ती देवळाबाहेरच्या दुकानांत विकायला असतात. खऱ्या कुत्र्याला मात्र पूल ओलांडायची मनाई आहे. तो चौकीवर ठेवून जावा लागतो.

युद्धानंतरचं बांधकाम 1949 मध्ये व्हायला हवं होतं. पैसा नव्हता, ते 1953 मध्ये झालं. 1949 मध्ये लोकांनी निदान पूल तरी बांधू म्हणून पूल बांधला, आणि तेव्हापासून पूल देवळाच्या चार वर्षं आधी होतो. अशी ही एक ‘प्राचीन’ प्रथा पाऊणशे वर्षांची. आता सरकारी पैसा घटनेनंच बंद आहे, सगळं देणग्यांवर चालतं. 2013 चा खर्च सुमारे 55 अब्ज येन होता.

पैशापेक्षा लाकडाची चिंता जुनी. इसेजवळच्या डोंगरातले मोठे हिनोकी मध्ययुगातच संपले होते आणि मग लाकूड लांबून आणावं लागायचं. 1923 मध्ये देवस्थाननं दोनशे वर्षांचा आराखडा केला आणि स्वतःच्या साडेपाच हजार हेक्टर जंगलात हिनोकी लावायला सुरुवात केली. 2013 मध्ये त्यातलं विरळणीत निघालेलं लाकूड, गरजेच्या साधारण चौथा हिस्सा, सुमारे सातशे वर्षांनी पहिल्यांदा देवळाला लागलं. ज्या झाडांचा बुंधा मीटरभर होईपर्यंत थांबायचं, त्यांना पांढऱ्या रंगाचे दोन पट्टे मारलेले असतात. त्यांची पाळी बाविसाव्या शतकात येईल.